इंग्रजीत हायफन कुठे द्यायचा: मराठीच्या कानानं ठरवायची एक पद्धत

बँकेच्या कागदावर किंवा पंचनाम्याच्या इंग्रजी अनुवादात 'टू हंड्रेड रुपी नोट्स' एवढंच लिहिलं असेल, तर रक्कम किती समजायची? 'टू हंड्रेड-रुपी नोट्स' म्हणजे शंभराच्या दोन नोटा, एकूण 200 रुपये. 'टू-हंड्रेड-रुपी नोट्स' म्हणजे दोनशेच्या नोटा, आणि त्या किती आहेत हे अजून सांगायचंच आहे. रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये दोनशेची नोट चलनात आणली, तेव्हापासून हा गोंधळ कागदोपत्री खरोखर होऊ शकतो. दोन्हींत फरक आहे तो फक्त एका आडव्या रेघेचा.

नागपुरात रोज इंग्रजी लिहिणारे पुष्कळ आहेत. हायकोर्टाच्या खंडपीठात याचिका टाइप करणारे, मिहानमधल्या कंपन्यांत ईमेल लिहिणारे, पेंच-ताडोबाच्या सफारीची माहितीपत्रकं तयार करणारे, बर्डीतल्या डीटीपीच्या दुकानात दुसऱ्यांचे बायोडाटा नीट करून देणारे. यांतले बहुतेक जण हायफन अंदाजानं देतात. अंदाज चुकतो, कारण शाळेत आपल्याला इंग्रजीचे काळ शिकवले, प्रयोग शिकवले, पण ही रेघ कुणी शिकवली नाही. पुस्तकांत तिचे नियम सापडतात, पण ते वीस-पंचवीस सुटे नियम असतात आणि पाठ करून लक्षात राहत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि मराठी माणसाला ती इंग्रजांपेक्षाही लवकर कळू शकते.

आपल्याकडे हे काम प्रत्यय करतो

'दहा वर्षांचा मुलगा' म्हणताना 'दहा' आणि 'वर्ष' यांची मोट 'चा' या प्रत्ययानं बांधली जाते. 'पाच मजली इमारत', 'नरभक्षक वाघ', 'संत्र्याच्या चवीची बर्फी' यांतही कुठला शब्द कुणाला चिकटला आहे ते शब्दाच्या शेवटावरून कळतं. इंग्रजीत असे प्रत्यय फारसे उरलेले नाहीत. तिथे शब्द एकापुढे एक नुसते उभे राहतात, आणि कोण कुणाबरोबर आहे ते वाचणाऱ्यानं ओळखायचं असतं. ही ओळख पटवून देणं एवढंच हायफनचं काम.

म्हणून पहिली पायरी अशी. इंग्रजी वाक्यातलं नाम शोधा, त्याच्या आधीचे शब्द बाजूला काढा आणि तेवढाच तुकडा मराठीत म्हणून बघा. आधीच्या दोन-तीन शब्दांना मिळून एकच प्रत्यय लागत असेल, तर इंग्रजीत त्यांच्यामध्ये हायफन येण्याची शक्यता मोठी. प्रत्येक शब्द नामाला स्वतंत्रपणे जोडला जात असेल, तर हायफन नको. 'अ बिग रेड बस' म्हणजे मोठी, लाल बस. इथे 'मोठी' आणि 'लाल' या दोघी बसशी वेगवेगळ्या बोलतात. 'अ डबल-डेकर बस' मात्र दुमजली बस. 'डबल' हे बसचं विशेषण नाही, ते मजल्यांचं आहे.

'ओल्ड फर्निचर डीलर' घ्या. जुन्या फर्निचरचा व्यापारी म्हणायचं असेल तर 'ओल्ड-फर्निचर डीलर'. फर्निचरचा म्हातारा व्यापारी म्हणायचं असेल तर हायफन नको. 'स्मॉल बिझनेस ओनर' याचीही हीच गत: लहान उद्योगाचा मालक असेल तर 'स्मॉल-बिझनेस ओनर'. वाघाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी 'मॅन-ईटिंग टायगर' मधली रेघ कधीही गाळू नये. ती गेली की वाक्यात वाघ खाणारा माणूस उभा राहतो, आणि ज्या गावात कुणाचा जीव गेलेला असतो त्या गावाबद्दलच्या बातमीत असं होणं फार वाईट दिसतं.

बांधणारं दुसरं कुणी आहे का?

हीच पायरी सर्वात महत्त्वाची आहे, कारण लोक हायफन गाळतात तितकाच नको तिथे घालतातही. शब्दांची मोट दुसऱ्या कशानं आधीच बांधली गेली असेल, तर हायफन देऊ नका. बांधणाऱ्या अशा गोष्टी चार-पाच आहेत.

पहिली म्हणजे 'ली' या ध्वनीनं संपणारी क्रियाविशेषणं, ज्यांच्या शेवटी एल आणि वाय ही अक्षरं असतात. 'हायली क्वालिफाइड इंजिनिअर', 'न्यूली बिल्ट स्टेशन', 'बॅडली डॅमेज्ड रोड' यांत हायफन येत नाही. 'हायली' हा शब्द 'इंजिनिअर' ला लागूच शकत नाही, तो पुढच्या 'क्वालिफाइड' लाच चिकटणार. म्हणजे ते 'ली' च आपल्या प्रत्ययासारखं काम करतं. 'वेल' ला असं शेपूट नाही, म्हणून 'वेल-क्वालिफाइड इंजिनिअर' मध्ये रेघ लागते. नागपुरातल्या इंग्रजी बायोडाटांत मला सर्वात जास्त दिसणारी चूक 'हायली-मोटिव्हेटेड' ही आहे. मात्र 'फॅमिली' आणि 'फ्रेंडली' हे शब्दही 'ली' नं संपतात, पण ते क्रियाविशेषण नाहीत. त्यामुळे 'फॅमिली-ओन्ड हॉटेल' आणि 'फ्रेंडली-लुकिंग डॉग' असंच लिहायचं.

दुसरी गोष्ट विशेषनामांची. 'अ बॉम्बे हाय कोर्ट ऑर्डर', 'अ नागपूर युनिव्हर्सिटी डिग्री' यांत मोठी अक्षरं हेच बांधणीचं काम करतात. त्यांच्यामध्ये हायफन घातला तर उलट नावच बिघडतं. पण विशेषनामाला दुसरा शब्द जोडून विशेषण केलं की हायफन परत येतो: 'अ नागपूर-बेस्ड कंपनी', 'अ विदर्भ-बॉर्न रायटर'.

तिसरी गोष्ट परक्या भाषेतून जसेच्या तसे घेतलेले शब्दगट. 'ॲड हॉक कमिटी', 'प्रायमा फेशी केस', 'सुओ मोटू कॉग्निझन्स'. हे लॅटिन तुकडे स्वतःच एकसंध आहेत. कोर्टाच्या कागदांत 'प्रायमा-फेशी' असं पुष्कळदा दिसतं, ते सोडून द्या.

टक्केवारी आणि एककांची चिन्हं यांनाही हायफन नको. 'अ टेन पर्सेंट राइज', 'अ 25 केजी बॅग'. मात्र एकक पूर्ण शब्दात लिहिलं की रेघ द्यायची: 'अ 25-किलोग्रॅम बॅग'. वर्धा रोडवरचा 3.14 किलोमीटर लांबीचा दुमजली पूल इंग्रजीत 'अ 3.14 केएम व्हायाडक्ट' किंवा 'अ 3.14-किलोमीटर व्हायाडक्ट' असा येईल.

शेवटची गोष्ट म्हणजे वापरून वापरून घट्ट झालेल्या जोड्या. 'हाय स्कूल स्टुडंट', 'रिअल इस्टेट एजंट', 'क्रेडिट कार्ड बिल' यांत वाचणारा चुकीच्या जागी तोडतच नाही, म्हणून बहुतेक संपादक इथे हायफन देत नाहीत. कुणी दिला तर ती चूक नाही, पण एका मजकुरात एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा.

'मोअर', 'मोस्ट', 'लेस', 'व्हेरी' या शब्दांनंतर सहसा हायफन येत नाही. मात्र 'मोअर एक्सपीरियन्स्ड टीचर्स' मध्ये पेच आहे: अनुभवी शिक्षक संख्येनं आणखी, की जास्त अनुभव असलेले शिक्षक? इथे हायफन द्यायच्या ऐवजी 'टीचर्स विथ मोअर एक्सपीरियन्स' असं वाक्यच बदलावं. पेच दिसला की आधी वाक्य बदलून बघणं ही चांगली सवय आहे.

नामाच्या आधी की नंतर

तीच शब्दजोडी नामानंतर, वाक्याच्या शेवटी आली तर हायफन बहुधा गळतो. 'अ वेल-नोन डॉक्टर', पण 'द डॉक्टर इज वेल नोन'. 'अप-टू-डेट रेकॉर्ड्स', पण 'द रेकॉर्ड्स आर अप टू डेट'. कारण सरळ आहे: पुढे नामच नाही, मग शब्द चुकीच्या नामाला चिकटण्याची भीतीही नाही.

बायोडाटा लिहिताना या फरकाचा रोज उपयोग होतो. 'अ फुल-टाइम जॉब' हवी असते, पण 'आय वर्क फुल टाइम' असं लिहायचं असतं. 'अ लाँग-टर्म प्लॅन', पण 'इन द लाँग टर्म'. 'अ फायनल-इयर स्टुडंट', पण 'इन माय फायनल इयर'. या दुसऱ्या रूपांत 'टर्म' आणि 'इयर' ही स्वतःच नामं झाली आहेत आणि त्यांची विशेषणं त्यांच्या आधी साधी उभी आहेत.

याला अपवाद आहेत. 'कॉस्ट-इफेक्टिव्ह', 'ओल्ड-फॅशन्ड' यांसारखे शब्द कोशातच हायफनसह नोंदलेले असतात आणि ते कुठेही आले तरी रेघ सोडत नाहीत: 'द मेथड इज कॉस्ट-इफेक्टिव्ह'. शंका आली तर कोश उघडा. ऑक्सफर्ड किंवा मेरियम-वेबस्टर यांपैकी एकच धरा, कारण दोघांत मतभेद आहेत आणि आलटून पालटून बघितलं तर मजकुरात दोन्हींची सरमिसळ होते.

आकड्यांचं प्रकरण

आकडा आणि एकक मिळून नामाच्या आधी आले की दोन गोष्टी एकदम होतात: मध्ये हायफन येतो आणि एकक एकवचनी होतं. समृद्धी महामार्ग 'सिक्स-लेन एक्सप्रेसवे' आहे, 'सिक्स-लेन्स' नाही. मुलगा 'अ टेन-इयर-ओल्ड बॉय' आहे. 'टेन-इयर्स-ओल्ड बॉय' ही चूक आपल्याकडे फार होते, कारण आपण 'दहा वर्षांचा' म्हणताना अनेकवचन वापरतो. 'बॉय' वाक्यात या शब्दांच्या आधी आला की अनेकवचन परत येतं आणि हायफन जातात: 'द बॉय इज टेन इयर्स ओल्ड'. आणि 'बॉय' हा शब्द गाळून 'अ टेन-इयर-ओल्ड' एवढंच म्हटलं, तरी तिन्ही शब्द बांधलेलेच राहतात, कारण ते आता मिळून एक नाम आहेत.

मोजणीत घोळ होतो तो अशा ठिकाणी. 'ट्वेंटी फोर-आवर शिफ्ट्स' म्हणजे चार तासांच्या वीस पाळ्या. 'ट्वेंटी-फोर-आवर शिफ्ट्स' म्हणजे चोवीस तासांच्या पाळ्या. हॉस्पिटलच्या किंवा कारखान्याच्या ड्युटीच्या तक्त्यात हा फरक कुणाच्या तरी झोपेवर येतो. अशा जागी 20 आणि 24 हे आकडे अंकांतच लिहावेत हे माझं ठाम मत आहे.

एकवीस ते नव्व्याण्णव यांतले दोन शब्दांचे आकडे अक्षरांत लिहिताना नेहमी हायफन: 'ट्वेंटी-वन', 'नाइन्टी-नाइन'. चेकवर रक्कम लिहिताना याची सवय लावून घ्या. अपूर्णांकांतही तसंच, 'टू-थर्ड्स मेजॉरिटी'. शंभर किंवा हजार या शब्दांपुढे मात्र एरवी रेघ नसते: 'टू हंड्रेड अँड फिफ्टी-सिक्स'. ती येते फक्त संपूर्ण आकडा एखाद्या नामाचं विशेषण झाला की. सुरुवातीच्या 'टू-हंड्रेड-रुपी नोट्स' मध्ये नेमकं तेच झालं आहे.

आता लोंबता हायफन. बिल्डरच्या जाहिरातीत 'दोन आणि तीन बेडरूमचे फ्लॅट' असतात. आपण 'चे' एकदाच लावतो आणि ते दोघांनाही लागू होतं. इंग्रजीतही 'बेडरूम' एकदाच येतं, पण पहिल्या आकड्याला त्याची वाट बघत असल्याची खूण म्हणून रेघ लावून ठेवतात: 'टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स'. 'टू' नंतरच्या रेघेनंतर जागा सोडायची, आधी नाही. ही खूण दिली नाही तर जाहिरातीत दोन फ्लॅट आहेत की दोन बेडरूमचे फ्लॅट आहेत हे क्षणभर कळत नाही.

नामांची गोष्ट वेगळी आहे

इथपर्यंत विशेषणं झाली. त्यांना तर्क लागतो. जोडनामांना बहुतांशी कोश लागतो. इंग्रजी जोडनामं तीन रूपांत राहतात: सुटी, हायफनसह आणि एकत्र. 'बस स्टॉप' सुटं, 'मदर-इन-लॉ' हायफनसह, 'नोटबुक' एकत्र. यामागे नियम शोधू नका, कारण तो सापडत नाही. शब्द जितका जुना आणि सवयीचा होतो तितका तो एकत्र येण्याकडे झुकतो, एवढंच म्हणता येतं. 'टुडे' हा शब्द एके काळी 'टू-डे' असा लिहीत. 'ई-मेल' मधला हायफन अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं 2011 मध्ये आपल्या नियमांतून काढला. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 2007 च्या सहाव्या आवृत्तीत तर सुमारे 16,000 शब्दांमधले हायफन गेले: 'आइस-क्रीम' सुटं झालं, 'क्राय-बेबी' आणि 'पिजन-होल' एकत्र झाले. म्हणून घरातला तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कोश अर्थासाठी जपून ठेवा, पण हायफनसाठी त्याच्यावर विसंबू नका.

नामांत एक गोष्ट मात्र तर्कानं कळते. 'चेक इन', 'फॉलो अप', 'पिक अप' ही क्रियापदं असतात तेव्हा सुटी लिहायची. त्यांची नामं झाली की ती जोडली जातात. 'प्लीज चेक इन बाय टेन', पण 'चेक-इन इज ॲट टेन'. 'आय विल फॉलो अप', पण 'अ फॉलो-अप ईमेल'. ऑफिसच्या ईमेलमध्ये 'आय विल फॉलो-अप' लिहिणारे खूप आहेत, आणि हे एवढं सुधारलं तरी मजकुराची कळा बदलते. यातली काही नामं पुढे जाऊन 'लॉगिन' सारखी पूर्ण एकत्र झाली. त्यांचं क्रियापद अजूनही 'लॉग इन' असं सुटंच आहे.

दोन भूमिका एकाच माणसाकडे असतील तर बरोबरीची जोडी हायफननं बांधतात: 'रायटर-डायरेक्टर', 'सिंगर-कंपोझर'. अनेकवचन करताना मूळ नामाला प्रत्यय लावा: 'मदर्स-इन-लॉ', 'पासर्स-बाय', 'रनर्स-अप'. बक्षीस समारंभाच्या फलकावर 'रनर-अप्स' दिसलं तर कार्यक्रमाआधीच बदलून घ्या.

उपसर्ग आणि अधिकृत नावं

'एक्स-मिनिस्टर', 'सेल्फ-हेल्प ग्रुप', 'ऑल-इंडिया टूर' यांत हायफन नेहमी येतो. मोठ्या अक्षराच्या किंवा आकड्याच्या आधीही येतो: 'प्री-1947'. अर्थ बदलत असेल तिथे तर तो हवाच. 'रिझाइन' म्हणजे राजीनामा देणं, आणि हायफनसह 'री-साइन' म्हणजे पुन्हा सही करणं. करारपत्रात ही रेघ राहून गेली तर अर्थ थेट उलटा होतो.

'को' या उपसर्गाचा इतिहास नागपूरकराला जवळचा वाटावा. डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसमध्ये असहकाराच्या ठरावाला मान्यता मिळाली. त्या काळच्या इंग्रजी कागदांत हा शब्द दोन रेघांसह 'नॉन-को-ऑपरेशन' असाही भेटतो. आज 'नॉन-कोऑपरेशन' ही एक रेघ पुरते. पण आपल्या गृहनिर्माण सोसायटीच्या लेटरहेडवर कायद्याचं नाव छापायचं असेल तर महाराष्ट्र 'को-ऑपरेटिव्ह' सोसायटीज ॲक्ट, 1960 असं हायफनसहच छापा, कारण कायद्याचं नाव तसं आहे. केंद्राचं सहकार मंत्रालय मात्र आपलं इंग्रजी नाव हायफनशिवाय लिहितं. तसंच 'इन्कम-टॅक्स ॲक्ट, 1961' मध्ये रेघ आहे, पण साध्या वाक्यात 'इन्कम टॅक्स' सुटं लिहिलेलं चालतं. भारताच्या राज्यघटनेत 'व्हाइस-प्रेसिडेंट' आणि 'अटर्नी-जनरल' ही पदं हायफनसह आहेत, तर अमेरिकेत 'व्हाइस प्रेसिडेंट' सुटा लिहितात. संस्था, कायदा किंवा पद यांचं नाव लिहिताना आपले नियम बाजूला ठेवायचे आणि त्यांनी जसं लिहिलं आहे तसं उतरवायचं.

मजकूर संपल्यावरची तपासणी

लोंबता हायफन सोडला तर हायफनच्या कुठल्याही बाजूला जागा सोडू नका. 'नागपूर–मुंबई एक्सप्रेसवे' किंवा '2019–20' अशा 'पासून-पर्यंत' च्या ठिकाणी इंग्रजी छपाईत हायफनपेक्षा थोडी लांब रेघ वापरतात, तिला एन डॅश म्हणतात. वर्डमध्ये कंट्रोल दाबून अंकांच्या पॅडवरचं वजाचं चिन्ह दाबलं की ती उमटते. ईमेलमध्ये साधा हायफन दिला तरी कुणी अडत नाही, पण छापील माहितीपत्रकात ती नीट द्यावी.

मग वर्डच्या शोधपेटीत 'ली' ची इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे हायफन टाइप करा. नको तिथे दिलेले बहुतेक हायफन या एका शोधात हाती लागतात. 'फॅमिली' आणि 'फ्रेंडली' तेवढे वगळा. दुसरा शोध 'इयर्स-ओल्ड' चा घ्या. तिसरा शोध 'वेल' या शब्दाचा: प्रत्येक ठिकाणी थांबून पुढे नाम आहे की नाही ते बघायचं. सगळे आकडेही एकदा डोळ्यांखालून घाला, विशेषतः जिथे दोन आकडे शेजारी आले आहेत किंवा आकड्याला लागून रुपये, तास, वर्षं असे शब्द आले आहेत.

बर्डीतल्या दुकानात दोन कॉलमांचं पत्रक करून घेत असाल तर एक काळजी आणखी घ्या. ओळ संपताना संगणक 'टेन-इयर-ओल्ड' ला हायफनवर तोडतो आणि 'ओल्ड' खालच्या ओळीत एकटा पडतो. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हायफनचं बटण दाबलं तर न तुटणारा हायफन येतो आणि तिन्ही शब्द एकाच ओळीत राहतात. फोन नंबर आणि वाहनांचे क्रमांक यांसाठीही हाच हायफन वापरायला डीटीपी करणाऱ्याला सांगा.